वळवाचा पहिला पाऊस आणि आपल्या गटाराचा पत्ता

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना झालेलं अडखळणं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. ऐकायला साधारण १६ मिनिटं लागतात.)

[००:००] गटार पुढं कुठं जातं?

आज सुरुवात एका साध्या प्रश्नानं. तुमच्या घरासमोरून जे गटार जातं, ते पुढं कुठं जातं?

हा प्रश्न मी आमच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला होता. सगळे शिकलेले, निम्मे माझ्यासारखे इंजिनिअर. पुण्यात कुठल्या गल्लीतून गाडी काढली की सिग्नल चुकतो, हे झोपेत सांगतील. गटाराबद्दल उत्तरं आली ती अशी: ‘नगरपालिकेकडं’, ‘खाली कुठंतरी’, आणि एकानं नुसता खांदे उडवणारा इमोजी पाठवला.

आजचा विषय आहे पावसाचं वाहतं पाणी. इंग्रजीत त्याला स्टॉर्मवॉटर म्हणतात, नगरपालिकेच्या टेंडरमध्ये ‘पर्जन्यजल’ असं छान नाव असतं. हे पाणी घाण होऊ नये म्हणून लोकांना काय सांगायचं आणि कसं सांगायचं, ते बघू. आणि मुंबईपुण्याऐवजी आज जागा घेऊ म्हसवड. माण तालुका, जिल्हा सातारा, शेजारी सांगलीचं आटपाडी.

तुम्ही म्हणाल, म्हसवड? जिथं पाऊसच नाही, तिथं पावसाच्या पाण्याचं प्रदूषण? बरोबर तोच मुद्दा आहे. माणदेशात आपण पाणी वाहू देत नाही, जिरवतो. मग त्या पाण्याबरोबर जे काही येतं, तेही आपल्याच जमिनीत जिरतं. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, बाकीचा एपिसोड त्याच्याभोवतीच आहे.

[०२:०५] दोन प्रकारचं पाणी

आधी एक घोळ मिटवू. सांडपाणी आणि पावसाचं पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत. सांडपाणी म्हणजे मोरी, न्हाणी, संडासाचं. पावसाचं पाणी म्हणजे छपरावरून, रस्त्यावरून, अंगणातून वाहणारं.

मुंबईसारख्या मोठ्या शहरात दोघांसाठी वेगळ्या वाहिन्या आहेत. सांडपाण्यावर प्रक्रिया करायची आणि पावसाचं पाणी थेट खाडीत किंवा समुद्रात सोडायचं, असा हिशोब. म्हणजे रस्त्याकडेच्या जाळीत तुम्ही काही टाकलंत, तर ते कुठल्याही शुद्धीकरण केंद्रात जात नाही. सरळ समुद्रात. आणि वाटेत अडकलं तर काय होतं, ते २६ जुलै २००५ ला दिसलं. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसाला कुठलंच गटार पुरलं नसतं हे खरं, पण तुंबलेल्या नाल्यांमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा थर होता हेही सगळ्यांनी पाहिलं. महाराष्ट्रात पातळ पिशव्यांवर बंदीची चर्चा तिथून जोरात सुरू झाली आणि २०१८ ला मोठी प्लॅस्टिकबंदी आली.

लहान गावात मात्र दोन वाहिन्या वगैरे भानगड नसते. एकच उघडं गटार. उन्हाळ्यात त्यात सांडपाणी, पावसाळ्यात त्यातच पाऊस. गटार जातं ओढ्याला, ओढा जातो नदीला. सांगलीकरांना हे सांगायला नको. शेरीनाला आणि कृष्णा हा विषय तिथं कित्येक वर्षं चालू आहे.

आपल्याकडं नदी म्हणजे माण. आपण मायेनं माणगंगा म्हणतो. वर्षातले बरेच महिने ती कोरडी असते. पुढं ती सांगोला, मंगळवेढ्याकडून जाऊन भीमेला मिळते. म्हणजे म्हसवडच्या गटाराचा कायमचा पत्ता काढायचा झाला, तर तो असा: गटार, ओढा, माण, भीमा, आणि शेवटी कृष्णा.

[०४:२०] वळीव सगळ्यात घाण का असतो?

शास्त्रज्ञ ज्याला ‘फर्स्ट फ्लश’ म्हणतात, त्याच्यासाठी आपल्याकडं आधीपासून शब्द आहे. वळीव.

विचार करा. नोव्हेंबरपासून मेपर्यंत रस्त्यावर काय काय साठतं? धूळ, टायरचा घासलेला चुरा, गाड्यांमधून ठिबकलेलं ऑइल, शेण, गुटख्याच्या पुड्या, थुंकी, राख. सहा-सात महिने ते तिथंच पडून. कॉम्प्युटरच्या भाषेत सांगायचं तर बफर भरत राहतो आणि कुणीच तो रिकामा करत नाही. मग मे महिन्यात एका संध्याकाळी ढग भरून येतात, वारं सुटतं, टपोरे थेंब पडतात. मातीचा वास येतो, आपण स्टेटसला व्हिडिओ टाकतो, आणि त्याच अर्ध्या तासात सगळा बफर एकदम गटारात रिकामा होतो.

कोकणात पाऊस रोज धुतो, त्यामुळं साठायला वेळच मिळत नाही. माणमध्ये वर्षभराचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि दोन पावसांमध्ये मोठी गॅप. पाऊस कमी असतो तिथं पहिल्या पाण्यात घाण जास्त असते, ती यामुळं.

आता थोडं गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. समजा गावाचा एक चौरस किलोमीटर भाग धरला, आणि वळवाचा २० मिलिमीटर पाऊस पडला. झालं २ कोटी लिटर. त्यातलं निम्मं जरी वाहिलं तरी १ कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एक हजार टँकर. एका संध्याकाळी.

माण तालुक्यातल्या माणसाला टँकर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. ज्या भागात टँकरची वाट बघत उन्हाळे गेले, तिथं हजार टँकर पाणी गावातली घाण धुऊन घेऊन जातं, आणि आपण म्हणतो, बरं झालं, रस्ते स्वच्छ झाले.

[०६:३०] जिरवलेलं पाणी आणि जिरवलेली घाण

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

माणदेशाला पाण्याची किंमत नव्यानं शिकवायची गरज नाही. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या दुष्काळी कामांतून उभा राहिला. पुढं बांधबंदिस्ती, नालाबंडिंग, पाझर तलाव. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा तर आपल्या वडिलांच्या पिढीनं शाळेच्या भिंतीवर वाचलेली. आणि पाणी फाउंडेशनच्या २०१८ च्या वॉटर कपमध्ये राज्यात पहिलं आलं ते माण तालुक्यातलंच टाकेवाडी. लोकांनी उन्हात टिकाव-फावडं घेऊन चर खोदले, ते वाहणारा प्रत्येक थेंब थांबवायला.

म्हणजे आपण आपल्या जमिनीला मोठ्या कष्टानं स्पंज बनवलं. स्पंज पाणी शोषतो आणि त्यातलं विरघळलेलंही शोषतो.

माती गाळणीचं काम करते, हे खरं आहे. गाळ अडतो, बरेच जंतू वरच्या थरात मरतात. पण दोन गोष्टींना माती फारशी अडवत नाही. एक म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेले पदार्थ. उदाहरणार्थ नायट्रेट, जे उकिरड्यातून, संडासाच्या मैल्यातून आणि युरियातून येतं. आणि दुसरी अडचण आपल्या खडकाची. आपल्याखाली काळा पाषाण आहे, बेसॉल्ट. त्यात पाणी मुरतं ते वरच्या मुरमातून आणि खालच्या भेगांमधून. मुरमाचा थर जाड असेल तर ठीक. पण जिथं भेग वरपर्यंत आलेली असते, तिथं पाणी फारसं न गाळता खाली उतरतं आणि जवळच्या विहिरीत निघतं.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा भारतीय मानकाप्रमाणं लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यापेक्षा जास्त असेल तर तान्ह्या बाळांना धोका असतो, कारण रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होते. आणि हे नीट ऐका: नायट्रेट पाणी उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. टीसीएल पावडर टाकली तर जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं. म्हणजे एकदा ते विहिरीत उतरलं की घरच्या घरी स्वस्तात काढायचा उपाय नाही. वरच थांबवायचं.

म्हणून मी म्हणतो, गटारात काय जातं याची काळजी घेणं हा जलसंधारणाचाच उरलेला भाग आहे. अर्धं काम टिकाव-फावड्यानं झालं. उरलेलं अर्धं सवयीनं होणार आहे.

[०९:००] ‘सरकारनं प्लांट बांधावा की!’

हा प्रश्न हमखास येतो, आणि चुकीचा नाही. सांडपाण्यासाठी शुद्धीकरण केंद्र हवंच. पण वळवाच्या पाण्यासाठी ते पुरत नाही. का?

कारखान्याचं पाणी एका पाइपातून येतं. पाइप सापडला की जबाबदार माणूस सापडतो. पावसाच्या पाण्याचं तसं नाही. ते प्रत्येक छपरावरून, प्रत्येक गल्लीतून येतं. थोडं तुमचं, थोडं माझं, थोडं त्या गॅरेजवाल्याचं. शिवाय ते वर्षातले मोजके दिवस येतं आणि आलं की एकदम हजार टँकर येतं. एवढ्यासाठी प्लांट बांधला तर तो वर्षातले बहुतेक दिवस रिकामा उभा राहील.

अमेरिकेनं हा अनुभव घेतलाय. १९७२ चा त्यांचा स्वच्छ पाण्याचा कायदा आधी कारखाने आणि सांडपाण्याच्या पाइपांच्या मागं लागला. नद्या सुधारल्या, पण हव्या तेवढ्या नाही. मग १९८७ ला कायद्यात पावसाचं पाणी आणलं, आणि १९९९ च्या नियमांनी लहान शहरांनाही त्यात घेतलं. त्या शहरांना सहा कामं सक्तीची केली. त्या यादीतलं पहिलं काम काय आहे माहितीये? लोकशिक्षण. गटारं बांधणं, दंड करणं वगैरे त्याच्यानंतर. कारण हजारो घरांमधून येणारी घाण हजारो घरांतच थांबवावी लागते.

आपल्याकडंही नियम आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांतच स्पष्ट लिहिलं होतं की कचरा रस्त्यावर, गटारात किंवा पाण्यात टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचा नाही. नियम आहे, पण तो किती जणांना माहीत आहे? लोकशिक्षणाचं काम तिथूनच सुरू होतं.

[१०:५०] बोर्ड लावून काम का होत नाही

‘नदी आपली माता आहे, तिला स्वच्छ ठेवा.’ हा बोर्ड तुम्ही शंभर वेळा वाचलाय. त्यानं तुमची एकतरी सवय बदलली का?

बदलत नाही, कारण त्या बोर्डात आज दुपारी मी काय करायचं ते नाही. आणि माझ्या गटाराचा आणि त्या नदीचा संबंध काय, तेही नाही. बऱ्याच देशांत गटाराच्या तोंडाशीच रंगवलेलं असतं: ‘इथं काही टाकू नका, हे पाणी नदीला जातं.’ चार शब्द, पण नेमक्या जागी. आपल्याकडं हेच ‘हे गटार माणगंगेला जातं’ असं रंगवता येईल. नगरपरिषदेची परवानगी, एक स्टेन्सिल आणि रंगाचा एक डबा. शाळेतल्या पोरांचं एका दिवसाचं काम.

लोकशिक्षण कसं करावं याचा महाराष्ट्रातला सगळ्यात भारी नमुना म्हणजे गाडगेबाबा. गावात आले की आधी हातात खराटा घ्यायचे, गाव झाडायचे. कीर्तन रात्री. आणि कीर्तनातही भाषण नाही, समोरच्यांना प्रश्न. लोकच उत्तर देणार, आणि देता देता त्यांच्याच लक्षात येणार. पुढं २०००च्या सुमारास संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, सांगली जिल्ह्यातल्या आर. आर. पाटलांनी ते गावोगाव नेलं. गावं एकमेकांशी स्पर्धा करून स्वच्छ झाली. वॉटर कपलाही हेच तंत्र लागू पडलं: प्रशिक्षण, स्पर्धा, आणि कामाचं मोजमाप.

म्हसवडकडं आणखी एक गोष्ट आहे जी बहुतेक तालुक्यांकडं नाही. स्वतःचा रेडिओ. माणदेशी फाउंडेशनची ‘माणदेशी तरंग वाहिनी’, ९०.४ एफएम, २००८ पासून. आपल्याच बोलीत, आपल्याच माणसांचा आवाज. मी पॉडकास्टवाला असून सांगतो, या कामाला रेडिओ पॉडकास्टपेक्षा बरा. ज्या आजी शेळ्यांमागं फिरतात, त्या माझा एपिसोड डाउनलोड करणार नाहीत.

फक्त वेळ साधायला हवी. संदेश जुलैत देऊन उपयोग नाही, बफर तोवर रिकामा झालेला असतो. वळवाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये सांगायला हवं. आणि दुसरी वेळ म्हणजे सिद्धनाथाची रथयात्रा. मार्गशीर्षात लाखो भाविक येतात, गुलाल-खोबरं उधळलं जातं, नदीकाठ माणसांनी फुलतो. तेव्हा पावसाळा संपलेला असतो. म्हणजे यात्रेत पडलेल्या पत्रावळ्या, पिशव्या, कप उचलले गेले नाहीत, तर ते पुढच्या वळवापर्यंत तिथंच थांबतात. कोरडा कचरा कोरडा असतानाच उचलणं सगळ्यात सोपं आणि स्वस्त. नदीत उतरल्यावर तो कुणालाच उचलता येत नाही.

[१३:१०] कुणी काय करायचं

सगळ्यांना सगळं सांगितलं की कुणीच काही करत नाही. म्हणून प्रत्येकाला एकच काम.

गॅरेज असेल तर: जळकं ऑइल गटारात किंवा मातीत ओतायचं नाही. डब्यात साठवा आणि अधिकृत रिसायकलरला द्या. एक लिटर ऑइल दहा लाख लिटर पाणी खराब करू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. सांडलं तर पाण्यानं धुऊ नका, लाकडाचा भुसा टाकून टिपून घ्या.

शेती असेल तर: फवारणीनंतर औषधाचा डबा तीनदा विसळा आणि ते पाणी पंपातच ओता, म्हणजे पिकावरच जाईल. ओढ्यात किंवा विहिरीच्या थारोळ्यात पंप धुऊ नका. ढग दिसत असताना युरिया टाकू नका. पैसे तुमचे वाहून जातात आणि नायट्रेट गावाला मिळतं.

गुरं असतील तर: उकिरडा ओढ्याच्या काठावरून आणि विहिरीच्या वरच्या अंगावरून हलवा. भोवती मातीचा छोटा बांध घाला.

घरात: न्हाणीच्या पाण्याला शोषखड्डा करा, विहिरीपासून निदान ५० फूट लांब. त्यात ऑइल, रंग, औषधं नाहीत.

बोअर रिचार्ज करत असाल तर हे फार महत्त्वाचं: रस्त्याचं किंवा गटाराचं पाणी थेट बोअरमध्ये सोडू नका. मातीची जी थोडीफार गाळणी आहे, तीच तुम्ही वगळता. छपराचं पाणी घ्या, पहिल्या एक-दोन पावसाचं सोडून द्या, आणि मध्ये वाळू-खडीचा फिल्टर बसवा.

आणि तुमच्यासारख्या मोबाइलवाल्यांसाठी एक प्रयोग. तीन पारदर्शक बाटल्या घ्या. वळीव सुरू झाला की गटार जिथं ओढ्याला मिळतं, तिथं पहिल्या पाच मिनिटांत एक भरा, पंधरा मिनिटांनी दुसरी, चाळीस मिनिटांनी तिसरी. विजा चमकत असतील किंवा पाणी जोरात असेल तर जाऊ नका, आणि हातात मोजे घाला. दुसऱ्या दिवशी तिन्ही एका ओळीत ठेवून फोटो काढा आणि गावाच्या ग्रुपवर टाका. खाली लिहा, कुठलं गटार. कुणाचं नाव घालू नका, कुणाला बोलू नका. पहिली बाटली बघितल्यावर जी चर्चा होईल, ती कुठल्याही बोर्डानं झाली नसती.

पाण्याची खरी तपासणी हवी असेल तर गावातच बघा. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना फील्ड टेस्ट किटनं पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलंय. ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीनंतर हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. तुमच्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे? ग्रामसभेत एवढंच विचारा. आणि लाल-पिवळं असेल तर दुसरा प्रश्न: विहिरीच्या वरच्या अंगाला काय आहे?

[१५:२०] जाता जाता

माणदेशानं पाणी कमी आहे म्हणून रडत बसण्याऐवजी ते अडवायला शिकून घेतलं. आता जे अडवलं ते पिण्यालायक ठेवायचंय. त्याला जेसीबी लागत नाही, निधी लागत नाही. लागतो तो एका गटाराचा पत्ता माहीत असणं.

तर या आठवड्याचा गृहपाठ: आपल्या दारातल्या गटाराच्या कडेनं चालत जा, ते जिथं ओढ्याला किंवा नदीला मिळतं तिथपर्यंत. वाटेत काय काय दिसलं त्याची व्हॉइस नोट पाठवा. म्हसवड, दहिवडी, आटपाडी, सांगोला, कुठूनही चालेल. निवडक व्हॉइस नोट्स पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू, तुमची परवानगी असेल तरच.

आणि हा एपिसोड गावाकडच्या ग्रुपवर टाकणार असाल, तर वळवाच्या आधी टाका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, राम राम.